अस्तर

पारा सातवर आला त्या आठवड्यात
सावद्याला केळीच्या बागांत लोक रात्रभर धूर करत होते
आणि मी नऊ मुंडकी घेऊन घरात बसले होते.
कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्याची खळ.
पंधरा दिवस वाळवूनही कानामागे गार.

नऊ काड्या, नऊ माना,
केळीच्या खुंटाच्या चकतीत रोवलेल्या.
डोळे कोरलेत, पण बघत नाहीत अजून.
अस्तराआधी कुणीच बघत नाही.

मागच्या पौषात अंगणात मारलं होतं.
फवारा हवेतच सुकला,
गालांवर रवा बसला,
जणू साऱ्याच बाहुल्यांना देवी येऊन गेल्या.

"घरमा मार," भिंतीपलीकडून धुडकू मिस्तरी,
अमळनेरकडचे, बोली अजून तिकडचीच.
"पन खिडकी उघडी ठेव वं माय.
हिव परवडस. वास नही परवडस."

तीस वर्षं भुसावळला ट्रकच्या बॉड्या रंगवल्या,
थंडीत शेडचं शटर खाली ओढून.
आता एका वाक्यात दोनदा थांबतात.
मी मोजत नाही. मोजलं जातं.

म्हणून त्यांनी सांगितलं तसं:
मुंडकी दुपारपर्यंत धाब्यावर उन्हात,
डबा कोमट पाण्याच्या तपेलीत, हाताला सोसेल इतक्याच.
चुलीजवळ नाही, बंबाजवळ तर नाहीच.
गॅस खालून बंद. उदबत्ती नाही.
देवापुढची समईसुद्धा शांत केली;
देवाला सांगितलं, तासाभराचं काम आहे,
दोन तास लागले.
पोपटाचा पिंजरा हंसाबाईकडे.
फ्रिजचं खोकं आरपार कापून
त्याचं एक तोंड खिडकीत, एक माझ्याकडे,
मागचं दार वीतभर उघडं, वाऱ्याला वाट.

नाकाला पदर नाही.
पदर धूळ अडवतो, वास अडवत नाही.
दोन डब्यांचा मास्क, नयनानं सुरतेहून पाठवलेला.
तिच्या डाइंगमध्ये तो सगळ्यांना मिळत नाही म्हणे.
तिनं स्वतःचा पाठवला की काय
हे फोनवर विचारायचं राहून जातं.

डबा हलवायचा, आतली गोळी खुळखुळेपर्यंत.
दीड वीत लांबून. थांबायचं नाही एका जागी.
एक फेर, पातळ.
मेथीचा पिवळा गेला, छापील अक्षरं गेली
(एकीच्या कपाळावर 'भाव स्थिर' असं होतं),
नऊजणी एकाच घरच्या झाल्या.

आणि पाचवीच्या नाकाशेजारी अंगठा उमटला.
लगद्यात दिसला नव्हता. पांढऱ्यात दिसला,
रेघान् रेघ.
दिवाळीत नयना बसली होती शेजारी,
"हिचं नाक बसकं गं, माझ्यासारखं," म्हणत दाबत होती.

पॉलिशपेपर हातात घेतला.
शून्य नंबरचा, दोनदा फिरवला की झालं.
बोटं गारठली होती, मास्कच्या आत माझाच श्वास ऐकू येत होता.

"झायं का?" भिंतीपलीकडून. मग खोकला. मग थांबणं.
"एक हात झाला," मी म्हणाले.
"दुसरा कव्हय?"
"उद्या. धाब्यावर ऊन आलं की."

रात्री खिडकी तशीच ठेवली.
मी दोन गोधड्यांत, कानाला मफलर.
वास बाहेर निघाला होता
आणि बागांचा धूर आत.
मध्येच उठले, ओल्या तोंडांवर काजळी बसेल म्हणून,
नऊजणींवर मोठी पाटी पालथी घातली,
खाली वीट सरकवून, हवा लागेल एवढी.
पॉलिशपेपर कुठे ठेवला ते
अंधारात सापडलं नाही.