हातोहात

फहाहीलच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्याकडे एक पिंप आहे, आतून काळेपांढरे पट्टे.
माणूस मधोमध बसवायचा आणि पट्टे फिरवायचे.
डोळे एका पट्ट्यामागे जातात थोडे,
झटकन परततात, लगेच दुसऱ्यामागे,
जत्रेत हात सोडवून पळणारं पोर जसं.

आज नजमुद्दीन सारंग. हर्णैचा. टॉवर क्रेन चालवतो.
"रात्री छत सरकतं, बाई. कॉट धरून झोपतो."

मी पट्टे डावीकडे सोडते.
डोळ्याच्या पडद्यावरून बातमी निघते.
तिला एवढंच म्हणायचंय, सरकलं.
काय सरकलं ते नाही.
मेंदूच्या देठाशी गाठी आहेत दाण्यादाण्याएवढ्या,
त्या पुडकं न उघडता पुढे देतात.
आपण नाही का देत सुट्टीवर निघालेल्याच्या हाती
खजूर, गुडघ्याचं मलम, कुणाच्या लेकीचे बूट,
तसंच.
एक वाट पुलावरून, खूप हातांची.
दुसरी जैतुनाएवढ्या एका गाठीतून,
आणि ती गाठ मितभाषी. सेकंदाला एखादा शब्द.
चित्र घसरलं, डोळा कमी पडला, एवढंच कळवते,
पलीकडच्या बाजूला जाऊन, वेलीसारखी चढत
लहान मेंदूच्या घड्यांपर्यंत.
माझी आईही अशीच फोन करते.
सगळं ठीक असलं की करत नाही.

तिथे लोकरीच्या पुंजक्याएवढ्या जागेत
कुणीतरी हिशेब लावतं:
उद्यापासून थोडं जास्त.

सारंगचे डोळे डावीकडे मागे पडतायत.
कधीपासून?
"त्या धुळीपासून."

आठवते मला ती धूळ. खिडकीला नारिंगी भिंत.
तो वर, बावन्न मीटरवर.
समुद्र नाही, इमारत नाही, स्वतःचा हूकही दिसेना.
वारा क्रेन फिरवतोय की ती उभीच आहे,
"सांगणारं कुणी नव्हतं."

कड नाही तर सरकणं नाही.
देठाशी सगळे हात रिकामे,
आणि शेवटच्या घरी कुणीतरी दार उघडं ठेवून
सामानाची वाट बघतंय, अख्खी दुपार.

पिंप थांबवते. दिवा मालवते.
कॅमेऱ्यात दिसतं, अंधारात त्याचे डोळे
नसलेल्या पट्ट्यांमागे अजून जातायत.
"थांबलं का, बाई?"
"थांबलं."
पडद्यावर एक झटका.
मग आणखी एक, लहान.