ठाण्यालाच राहतो आम्ही

बाहेरगावची माणसं अजून म्हणतात,
‘ह्याला ठाण्याला पाठवा,’ आणि हसतात.
आम्ही ठाण्यालाच राहतो.
किसननगरच्या नाक्यावरून रिक्षा मिळते
त्या फाटकापर्यंत.
सुदेशला दोनदा नेलंय मी.
दुसऱ्यांदा रिक्षावाल्याने सुटे मागितले नाहीत.

घरी आणल्यावर नातेवाईक म्हणाले, सुटलीस बाई.
डॉक्टर पेंढरकर म्हणाल्या,
हेच आठवडे जपायचे.
उतरलेल्या तापाला कोण जपतं?
गोळ्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात,
आणि झोप कुठेच नाही.

मग एका मंगळवारी तो नीट झाला.
दाढी केली. शेवग्याची आमटी दोनदा घेतली.
शेजारच्या काकूंनी देवापुढे साखर ठेवली.
रात्री इरफान आला, वर्कशॉपमधला पोरगा,
हातात निळ्या मखमलीची लाकडी पेटी.
‘ताई, दादाने मायक्रोमीटर दिला मला.
कायमचा ठेव म्हणाला.
मला हवाय. पण असा नको.’

अठरा वर्षं वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये
केसाहून बारीक चूक पकडणारी ती वस्तू.
आईलासुद्धा पुसू देत नसे.

पेटी टेबलावर. वर पंखा.
खाली कुणाची तरी गाडी मागे येताना
तेच ते गाणं वाजवत होती.
जीभ उचलेना. आमच्याकडे
त्या गोष्टीला ‘बरंवाईट’ म्हणतात,
जणू तिच्यात थोडं बरंही असतं.

सरळ विचारलं शेवटी.
‘सुदेश, जीव द्यायचं मनात आहे का?’

भिंत पडली नाही.
त्याने पेटी उघडली. मिटली.
‘असतं,’ म्हणाला. ‘रोज नाही. आज होतं.’
‘किती?’
अंगठा आणि तर्जनी हवेत धरून
त्याने अंतर दाखवलं.
शतांश मिलिमीटरात जगलेला माणूस,
आणि एवढं मोठं अंतर.

सव्वाअकराला डॉक्टरांनी फोन उचलला.
मी बोलत होते तोवर
त्रेचाळीस वर्षांचा माझा भाऊ
ओढणीचं टोक धरून बसला होता.
इरफान गेलाच नाही. दारातल्या चपला
उगाच सरळ लावत राहिला.

सकाळी पुन्हा रिक्षा.
फाटकाशी उतरताना सुदेश म्हणाला,
‘पाठवलंस शेवटी ठाण्याला.’
‘पाठवलं कुठे,’ मी म्हटलं. ‘आलोय.’

मागे इरफान, काखेत पेटी,
सुटे शोधत होता.