नमुना क्रमांक तीन

हिदाकाला मार्चमध्येही बर्फ.
प्रयोगशाळा म्हणजे खोगिरांच्या खोलीचा अर्धा भाग,
मध्ये प्लायवूड. पलीकडून चामड्याचा, तेलाचा वास,
अलीकडे मी, हीटर, कोमट केलेली काचपट्टी
आणि तिच्यावर
तोकिशिगुरेचा एक थेंब.

नऊ शर्यती जिंकलाय. चोवीसशे मीटर
दोन मिनिटं चोवीस सेकंदांत.
गुळगुळीत पत्रकात त्याचा बाप आहे, आजा आहे,
आजीच्या बहिणीनं फ्रान्समध्ये मारलेलं मैदानही आहे.
सगळ्यात खाली दर: घोडीमागे तीस लाख येन,
शिंगरू जन्मून, उभं राहून, दूध ओढू लागलं तरच.
त्या "तरच"साठी मला पगार मिळतो.

अकरा घोड्या झाल्या. गाभण एक.
तीही चौदा दिवसांची,
एवढ्यात मोजू नका, म्हणतो कुरामोची.

त्याचं काही चुकत नाही, हे आधी सांगते.
घोडी माजावर आहे का, हे बघायला
पहिल्यांदा गोम्पाचीला आणतात.
नांगराच्या जातीचा, ठेंगणा, केसाळ पायांचा,
पोटाखाली कातड्याचा एप्रन बांधलेला.
तो खिंकाळतो, मान घासतो, लाथा खातो,
आणि घोडी विरघळली की
त्याला ओढून बाहेर नेतात.
मग दुसऱ्या दारानं चॅम्पियन.
दीड मिनिट.
कुरामोची त्याच्या शेपटीखाली हात धरून म्हणतो, झालं,
आणि वहीत वेळ टिपतो.
कुणी सांगितलेलं नाही. जुनी सवय,
सराव मैदानावर स्टॉपवॉच याच्याच हातात असायचं.

डोळा लावते.
आहेत. लाखोंनी आहेत, जोरातही आहेत.
पण शेपट्या एका अंगाला वाकलेल्या,
आणि सगळे गोल, गोल,
घाण्याला जुंपल्यासारखे.
ज्यानं शेवटच्या वळणावर
कठडा कधी वीतभरही सोडला नाही
त्याच्या पोटची ही फौज.
शंभरात सात सरळ.
पुन्हा मोजते.
सहा.

बाहेर गाडीचं इंजिन चालू ठेवून
साठ भागीदारांतले दोघे उभे आहेत.
सोबत विम्याचा माणूस, इगाराशी,
शहरी पातळ बुटांत, पाय आपटत.
"डॉक्टर, घोडं कुठे पेंड खातंय
ते एकदाचं सांगून टाका."
पहिल्याच हंगामात दावा मंजूर झाला
तर भागीदारांचे पैसे परत,
आणि घोडा विमा कंपनीचा.
विमा कंपनीला कुरण नसतं.

खिडकीची वाफ बाहीनं पुसते.
पेंड तो खरंच खातोय.
हिरव्या टोपल्यातली, सोयाबीनची, चवीचवीनं,
मध्येच अर्धी बर्फात सांडत.
कुंपणापलीकडून गोम्पाची
त्याची मान दातांनी खाजवतोय.
एरवी दोन नर इतके जवळ आले
तर एकमेकांना फाडतात. हे दोघे कधीपासून असे,
विचारलं तर कुरामोची
बादलीकडे बघतो.

दार वाजतं.
तिसऱ्या नमुन्यापुढचा रकाना कोरा.
थंडीनं शाई उतरत नाहीये, असं आतून ओरडून
मी अजून दोन मिनिटं मागून घेते.
वर थोडे सेकंद.