गुडघ्यातली अक्कल

आवाज आधी आला.
बर्फाखालची ओली काटकी कुणी मोडावी, तसा.
मग आभाळ आलं, करडं, अगदी तोंडाजवळ.

दुपारचे साडेतीन. सावल्या विझल्या होत्या,
खड्डा आणि उंचवटा एकाच पांढऱ्यात बुडालेले,
मांड्या थरथरत होत्या, आणि मी म्हटलं होतं:
एकच. शेवटची.
आमच्या काराकोलच्या डोंगरावर हा शब्द कुणी काढत नाही.
"अजून दोन" म्हणायचं
आणि गुपचूप घरी जायचं.

बोर्डची कड रुतली. मी वळले,
गुडघा मागेच राहिला.

कुबात घसरगाडी घेऊन आला.
"नाव सांग."
अरे, आपण एका बाकावर बसायचो.
"तरी सांग."
बुरुल.
"आज वार कोणता?"
गुरुवार, मी म्हटलं, अगदी ठामपणे.
तो काही बोलला नाही. पट्टे आवळले,
माझं तडकलेलं हेल्मेट हळूच पाठीमागे लपवलं.
शनिवार होता.

बिश्केकला, सरोवराच्या कडेकडेने सहा तास.
मांडीमागची एक दोरी काढून
डॉक्टरांनी ती गुडघ्यात ओवली.
अक्कल गुडघ्यात असते म्हणतात.
भोक पाडलंच होतं, थोडी आतही गेली असती.
नाही गेली.

रईसा पाव्लोव्नाच्या खोलीत
दोन टॉवेल, एक बाक, आणि कोन मोजायची पट्टी.
अडतीस, ती म्हणायची. बेचाळीस.
चाळीस. ("काल नाचलीस का?")
आई रात्री मेंढीच्या शेपटीची चरबी चोळायची,
सकाळी रईसा नाक मुरडायची,
पण पुसून कधी टाकली नाही तिने.
नव्वद आले त्या दिवशी
तिने खिशातून सफरचंद काढून दिलं, अर्धं.
उरलेलं अर्धं स्वतः खाल्लं.

पाचव्या महिन्यात मी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार.
घरातल्या नमद्यावर बोर्ड टाकून उभी राहत होते,
शेजारची म्हातारी खिडकीतून बघायची.
"एका पायावर उभी राहा," रईसा म्हणाली. "डोळे मीट."
मी टॉवेलांच्या दांडीसकट आडवी.
"छान. आता हेच वर जाऊन कर.
तिथे टॉवेल नसतात."

उन्हाळ्यात सगळे घोडे घेऊन कुरणावर गेले,
मी दुधाची बादली घेऊन पायऱ्या उतरायला शिकले.
चढणं येत होतं. उतरताना
प्रत्येक पायरी आधी विचार करायची.
आणि चौतिसाव्या वर्षी, गवताच्या गंजीवर, पडायला शिकले:
तळहात उघडा टाकायचा नाही,
मूठ, मग कोपरापर्यंतचा हात, मग खांदा, मग लोळण.
पुतण्या एर्मेक आधी हसला,
मग संध्याकाळभर तोही पडत राहिला.

जानेवारीत नवं हेल्मेट, आणि पोरांचा उतार.
गुडघ्याएवढी एक मुलगी थांबून म्हणाली,
"तू पण नवीन?"
हो.
"घाबरू नकोस, मी आहे."
ती होती, खरंच, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी पाळण्यात बसून वर गेले.
दीड वाजलेला. पायात बोर्ड अडकवलं,
पट्टा आवळला,
आणि ढग खाली उतरला.
खड्डा कुठला, उंचवटा कुठला.
वाऱ्यात तशीच उभी राहिले,
नऊ महिने ज्याची वाट पाहिली
तो उतार समोर, आणि दिसत नव्हता.

पट्टा सोडला.
वरच्या खोपटात त्या दिवशी कुबात होता.
खाली जायचंय, मी म्हटलं, पाळण्यातून.
त्याने चाक सावकाश केलं, कारण विचारलं नाही,
फक्त: "आज वार कोणता?"
शनिवार.
"बस मग."

सगळा डोंगर समोरून वर येत होता,
जोडीजोडीने, चष्म्यातून माझ्याकडे बघत.
मांडीवर बोर्ड घेऊन मी एकटी उलट दिशेला.
कुणीतरी हात केला. मीही केला.

खाली मिठाचा चहा घेतला.
गुडघा जरासा ठणकतोय,
उद्या ऊन पडेल असं सांगतोय.
त्याचं किती ऐकायचं
ते अजून ठरलेलं नाही.