मोजमाप

हेल्गे म्हणतो, रिसीव्हर चांगलाय,
फक्त तापतो फार. मांजर वरून हलत नाही.
त्रोम्सोच्या जानेवारीत, दिवसभर काळोख असताना,
तिला तेवढीच ऊब.

ओड्वार म्हणतो, माझा दोन वर्षांत गेला,
तोही वॉरंटी संपल्याच्या आठवड्यात.

हेल्गे ऐकून घेतो.
बसवताना यंत्रानं बजावलं होतं :
माइक कानाच्या उंचीवर ठेवा,
खोलीत कुणी बोलू नका.

गुद्रुन असती तर हे जमलंच नसतं.

त्यानं माइक तिच्या खुर्चीत ठेवला.
सातही स्पीकर एकेक करून शीळ घालून गेले,
पडद्यावर आकडा आला :
मागचा उजवा, दोन मीटर दहा.
कुणापासून, ते यंत्राला ठाऊक नाही.

आवाज आता तिथंच नीट जुळतो.
हेल्गे शेजारच्या सोफ्यावर बसतो.
इकडे जरा कमी येतं, म्हणतो,
पण तक्रार नाही.