वाचून दाखवा

एकवीस वर्षं मी त्यांच्या डावीकडे, दीड हात खाली बसले.
न्यायमूर्ती एल्डन क्विस्टगार्ड, संघीय न्यायालय, डुलूथ.
खिडकीबाहेर सरोवर, आणि लोखंडाच्या मातीनं लाल झालेली जहाजं.
त्यांचा बाप तीच माती फावड्यानं ओढायचा,
हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही नोंदीबाहेर.

झग्याखाली लोकरीचे मोजे, एकाला रफू.
खिशात ज्येष्ठमधाच्या गोळ्या.
वकिलाचा आवाज चढला की ते आपला उतरवायचे,
बंदरात भोंगा झाला की साक्षीदाराला हातानं थांबवायचे:
"आधी जहाजाला बोलू द्या."
आणि मग मला: "शेवटचं वाक्य वाचून दाखवा, मिस लाहती."
मी वाचायचे. शिवी असो, कबुली असो,
एकाच कोरड्या पट्टीत. तीच माझी नोकरी.

नेमणूक तहहयात. लोकांना वाटतं, केवढी सत्ता!
मी त्यांचे बांधलेले हात पाहिलेत.
कोरिना बेलांजे, वय तेवीस, मित्राचं पुडकं तिच्या गाडीत.
कायद्यात आकडा छापलेला, दहा वर्षं,
त्याखाली उतरायला पायरी नव्हती.
त्यांनी आकडा उच्चारला. मग काहीच नाही.
भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं, वर थोडे सेकंद.
माझ्या यंत्राला शांततेची कळ नाही.
नोंदीत तिथं नुसती पुढची ओळ आहे.

वरच्या कोर्टानं त्यांचा एक निकाल फिरवला तेव्हा
उभ्या उभ्या वाचला, म्हणाले,
"चौदाव्या पानावर त्यांचंच बरोबर आहे,"
आणि सफरचंद कापायला घेतलं.

नव्या नागरिकांच्या शपथेआधी रात्रभर नावं घोकायचे,
सोमाली, ह्मोंग, एकदा एका युक्रेनी सुताराचं.
बायको चुका काढायची. ती गेल्यावर मला फोन:
"हे नाकातून म्हणायचं, की घशातून?"
मला तरी कुठं ठाऊक.

मार्चमध्ये, एका विम्याच्या खटल्यात, त्यांनी विचारलं,
"त्या दिवशी रस्त्यावर बर्फ होता का?"
होता, साक्षीदार म्हणाला.
चार प्रश्न गेले.
"त्या दिवशी रस्त्यावर बर्फ होता का?"
वकील कागदांत बघत राहिले.
साक्षीदार सभ्य माणूस. पुन्हा म्हणाला, होता.

संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले, झगा हातावर टाकून.
"वाचून दाखवा."
मी एक वाचला.
"दुसराही."
त्याच पट्टीत वाचायला गेले. साधलं नाही.
त्यांनी गोळ्यांची डबी माझ्यापुढे धरली.
"खोडू नका हं," म्हणाले. "आहे तसं राहू द्या."
पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं. दोन ओळी.

आता नवे न्यायाधीश आहेत. तरुण, हुशार, घाईत.
भोंगा वाजतो तरी सगळे बोलतच राहतात,
आणि मी लिहिते:
ऐकू आलं नाही.