इको बंद करा

मिरजेत मला इकोवाला शौकत म्हणतात.
लग्न, उरूस, बारसं, नगरसेवकाची सभा –
माणूस "हॅलो" म्हणाला की मांडवानं तीनदा "लो, लो, लो" म्हणायचं,
त्याशिवाय पैसे वसूल झाले असं कुणाला वाटत नाही.
चुलते सतारी करतात. वाळलेल्या भोपळ्याला
टिचकी मारून कान लावतात,
"ह्याच्या पोटात आवाज हाय," म्हणतात. किंवा काहीच म्हणत नाहीत.
माझ्याकडे पोट नाही, बटण आहे.

त्या शनिवारी नर्सिंग कॉलेजच्या हॉलची ऑर्डर.
बॅनरवर : अमेरिकेच्या कृष्णवर्णीय कवयित्री लोरेटा गेन्स.
खाली डॉक्टरांचे फोटो, तिच्यापेक्षा मोठे.
त्या एका शब्दावर बोट ठेवून तिनं विचारलं, हे काय?
मॅडम अडखळल्या. घरातला शब्द
आम्ही इस्त्रीचे कपडे घालून बाहेर आणतो,
हे पाहुणीला कसं सांगायचं?
"कृष्णा," एवढंच म्हणाल्या.
"सकाळी घाटावर पाहिली ती नदी?" तिनं विचारलं, आणि अशी हसली
की माइक चालू नसताना शेवटच्या रांगेतल्या पोरी वळल्या.

मग माझ्याकडे आली. हातानं हवेत लाटा काढल्या
आणि पुसून टाकल्या.
कळलं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा तो खटका खाली केला.
हॉल एकदम उघडा पडला –
पंख्याची कुरकुर, कुणाचं तरी नाक, बाहेर रिक्षाचा हॉर्न.

तिच्या कवितेतलं मला काय कळलं?
"मदर" कळलं. "पोलीस" कळलं.
एक नाव कळलं. सात वेळा घेतलं तिनं, दर वेळी वेगळ्या वयाचं :
हाक मारताना पाच वर्षांचं, रागावताना बाराचं,
आणि शेवटी असं, जसं दवाखान्याच्या खिडकीतून
नातेवाइकांना बोलावतात.
पायानं फळीवर ठेका. माइक तिला लागतच नव्हता.
मी बटणावरचा हात मांडीवर घेतला.

नंतर कोमल आवळे, दुसरं वर्ष, गाव सोनी.
सर म्हणाले होते, मागे हलगी ठेवू, रंग भरतो.
ती म्हणाली, आज्यानं दुसऱ्यांच्या दारात पुष्कळ वाजवली सर,
मी नुसती बोलते.
कागद खुर्चीवर ठेवून आली.
हजेरीची कविता होती. आडनाव घेतल्यावर
वर्गातल्या माना किती फिरतात,
आणि गोऱ्या बाईचा पावडरचा डबा
आईनं भिंतीकडे तोंड करून कसा ठेवला.
मधेच अडली.
एक सेकंद. चार. नऊ.
माझा अंगठा आपोआप सनईच्या ट्रॅककडे –
शांतता झाकणं, हाच तर आमचा धंदा.
पहिल्या रांगेतून पाहुणीनं चुटकी वाजवली. हळू. परत एक.
"टेक युअर टाइम," म्हणाली,
तापातल्या पोराला पाणी पाजताना "सावकाश" म्हणावं तसं.
पोरी एकमेकींकडे बघत चुटक्या वाजवायला लागल्या.
पांढऱ्या गणवेशातली ती बोटं,
भोपळ्यावर टिचक्या पडाव्यात तशी.
मी चुलत्यासारखा कान लावला.

आणि आली. पाठ केलेली नव्हे, दुसरीच.
"आज्या, हलगी शेकताना तू तिच्याशी काय बोलायचास,
मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते."
ते मी इथं सांगणार नाही.
जे हॉलमध्ये होते त्यांचं आहे ते.

रात्री वायर गुंडाळताना पाहिलं, दोघी पायरीवर
शेंगा फोडत होत्या, आणि एकदमच बोलत होत्या.
बिलात इको धरला नव्हता. पैसे मात्र पूर्ण घेतले.

दुसऱ्या दिवशी बेडगला लग्न.
नवरीचा मामा म्हणाला, शौकतभाई, इको वाढवा.
वाढवला. पोरंबाळं आहेत मला.
आहेर वाचून संपला. हलगीवाला पंगतीच्या कडेला उभा होता.
नाव काय, विचारलं.
"ह्यात सांगा," म्हणून माइक पुढं केला,
खटका खाली करून.
तो एकदाच बोलला. मांडव परत बोलला नाही.
कुणाला ऐकू गेलं का, माहीत नाही.
मीटर हलला होता.